शून्य की ओ? कोडिंगच्या फॉन्टबद्दलचे गैरसमज

कोड लिहिणाऱ्याच्या स्क्रीनवर प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते, किडकिडीत आयलाही आणि ऐसपैस एमलाही. अशा फॉन्टला मोनोस्पेस म्हणतात.

गैरसमज: ही टाइपरायटरची जुनी सवय आहे, आता तिचं काम उरलं नाही.
उगम टाइपरायटरमधलाच आहे. कळ दाबली की कॅरेज ठरावीक अंतरानेच सरके, म्हणून सगळी अक्षरं एका मापाची. आज कारण वेगळं आहे. टर्मिनलमधला (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतला) तक्ता आणि एकाखाली एक लिहिलेले आकडे सरळ रेषेत राहतात ते समान रुंदीमुळेच. चांगल्या मोनोस्पेस फॉन्टमध्ये ठळक अक्षरही साध्याइतकीच जागा घेतं. त्यामुळे एखादा शब्द ठळक केला तरी ओळीतला पुढचा मजकूर सरकत नाही.

गैरसमज: सॅन्स-सेरिफ म्हटल्यावर अक्षरांना टोकाच्या आडव्या रेघा नसणारच.
कन्सोलाससारखा सॅन्स-सेरिफ फॉन्ट उघडा आणि लहान आय, एल नीट पाहा. त्यांना रेघा मुद्दाम दिलेल्या असतात. एक तर त्यांच्या वाट्याची रिकामी जागा भरते आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं, एल, एक आणि कॅपिटल आय वेगळे ओळखू येतात. शून्य आणि कॅपिटल ओचंही तसंच. कन्सोलास शून्यात तिरकी रेघ मारतो, तर ॲडोबीचा २०१२ सालचा सोर्स कोड प्रो मधोमध ठिपका देतो. माझ्या मते कोडिंगच्या फॉन्टची खरी परीक्षा इथेच होते. देखणेपणा नंतर.

गैरसमज: लिगेचर (जोडचिन्हं) चालू केले की कोड बदलतो.
फिरा कोड किंवा जेटब्रेन्स मोनोमध्ये != टाइप केलं की एकच ≠ दिसतं. बदलतं ते फक्त चित्र. फाइलमध्ये दोन चिन्हं होती तशीच राहतात, जागाही दोन घरांचीच व्यापतात. मात्र नवशिक्याला शिकवताना लिगेचर बंद ठेवावेत, कारण कोणत्या कळा दाबायच्या हे त्याला दिसलं पाहिजे.

गैरसमज: चांगला फॉन्ट प्रत्येक फसवं अक्षर पकडून देतो.
नाही. रशियन लिपीतला ‘а’ आणि रोमन ‘a’ बहुतेक फॉन्टमध्ये हुबेहूब सारखेच दिसतात. तिथे एडिटरचा इशाराच कामाला येतो.

गैरसमज: मराठीही त्याच घरांत आपोआप बसेल.
‘क्षि’ दिसायला एक अक्षर, पण युनिकोडमध्ये ते क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार घटक आहेत. टर्मिनलने घरं मोजायची कशी? शिवाय कोडिंगच्या बहुतेक फॉन्टमध्ये देवनागरी नसतेच, ती दुसऱ्या फॉन्टमधून उसनी येते आणि रकाने मोडतात. मराठी मजकूर असलेला तक्ता वाकडा दिसला तर आधी कोडमध्ये चूक शोधत बसू नका.

फिरा कोड, सोर्स कोड प्रो आणि जेटब्रेन्स मोनो हे तिन्ही मोफत, खुल्या परवान्याचे आहेत. निवडण्याआधी शून्य, ओ, एक, एल आणि आय शेजारीशेजारी टाइप करा आणि रोजच्या आकारात वाचून पाहा.