चोवीस सेकंदांचं आवर्तन

माझ्या भाचीला तीन वेडं आहेत: कानाला सतत नवं गाणं, शिमग्यातली पालखी आणि अमेरिकेतलं एनबीए. रत्नागिरीत राहून बारावीचा अभ्यास करणाऱ्या मुलीला बास्केटबॉलचा नाद कुठून लागला, असं घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. फाल्गुनात तर कळस होतो. रात्रभर ग्रामदैवत भैरीच्या पालखीमागे फिरून आलेली ही पोर पहाटे मोबाइल उशीला टेकवून मॅच लावते. न्यूयॉर्कला संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच, आणि तिकडची उन्हाळी वेळ लागली की साडेचार. ढोल थांबतो आणि तासाभरात चेंडूचे टप्पे सुरू होतात.

घरच्यांना ही तीन वेगवेगळी खुळं वाटतात. मला ते एकच वाटतं. पुढचा ठोका कधी पडणार हे शरीराला आधी कळतं, आणि तो ठोका आपण चारचौघांबरोबर गाठतो, याचं ते वेड आहे. त्याच्या मुळाशी जावं तितकं थक्क व्हायला होतं.

आधी नव्या गाण्याचं बघू. कधीच न ऐकलेलं गाणं पहिल्याच फेरीत आवडतं कसं? कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात व्हॅलोरी सालिमपूर, रॉबर्ट झाटोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा शोध घेतला. २०१३ साली ‘सायन्स’मध्ये तो छापून आला. १९ माणसांना मेंदूचं चित्र घेणाऱ्या यंत्रात झोपवून त्यांनी ६० अनोळखी गाण्यांचे तुकडे ऐकवले. तुकडा आवडला तर तो विकत घ्यायचा, आणि किती पैसे मोजायचे ते ज्याचं त्यानं ठरवायचं. मेंदूत खोलवर न्यूक्लियस अ‍ॅकम्बन्स नावाचा एक छोटा पुंजका आहे. भूक भागली, बक्षीस मिळालं की तो जागा होतो. माणूस एखाद्या तुकड्यासाठी जितके जास्त पैसे मोजायला तयार, तितका त्या वेळी हा पुंजका जास्त जागा झालेला दिसला. त्याहून सुंदर गोष्ट म्हणजे गाणं जितकं आवडीचं, तितकी या पुंजक्याची आणि ऐकण्याच्या केंद्राची देवाणघेवाण वाढत गेली. आजवर ऐकलेल्या सगळ्या सुरांचा साठा त्या केंद्रापाशी असतो. त्या साठ्याच्या जोरावर मेंदू नव्या गाण्यात पुढे काय येणार याचा अंदाज बांधतो. अंदाज खरा ठरला तरी आनंद, आणि गोड रीतीनं चुकला तर त्याहून जास्त.

याच गटानं २०११ साली दाखवलं होतं की गाण्यातली अंगावर काटा आणणारी जागा यायच्या आधीच मेंदूत डोपामिन सुटू लागतं, आणि ती जागा प्रत्यक्ष येते तेव्हा ते मेंदूच्या दुसऱ्याच भागात सुटतं. म्हणजे वाट पाहण्याचं सुख वेगळं आणि मिळण्याचं वेगळं, दोन्हींची घरं वेगळी.

कोकणातला जाखडी नाच पाहिलेल्याला हे अगदी ओळखीचं वाटेल. मधे ढोलकी, झांज आणि शाहीर, भोवती गोल करून नाचणारे, पायात चाळ. शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष समोरासमोर. शाहीर दर गणपतीत नवी गाणी बांधतात आणि कित्येकदा त्याच वर्षीच्या गाजलेल्या चालींवर. शब्द नवे, चाल ओळखीची आणि ठेका त्याहून जुना. गाणं संथ उचललं जातं, मग ढोलकीवाला लय चढवायला लागतो, आणि नाचणाऱ्यांचे पाय शाहिराच्या तोंडाकडे न बघता लयीबरोबर चढतात. लय दुप्पट कधी होणार हे कुणी सांगत नाही. तरी सगळ्यांचे चाळ एकदम वाजतात. भाचीच्या कानातल्या नव्या गाण्यांचा साठा असा भरलेला आहे. रॅप असो की इलेक्ट्रॉनिक, तिच्या मेंदूला अंदाज बांधायला तिच्या गावानंच शिकवलंय.

आणि हे शिकणं जन्मापासूनच सुरू होतं. हंगेरीतले इश्त्वान विंकलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली नुकत्याच जन्मलेल्या, झोपलेल्या बाळांना ढोलाचा एक ठेका ऐकवला आणि मधेच आवर्तनाचा पहिला, मुख्य ठोका गाळला. डोक्याला लावलेल्या तारांनी दाखवून दिलं की झोपेतही त्या बाळांच्या मेंदूला काहीतरी चुकल्याचं जाणवलं. दोन-तीन दिवसांच्या बाळाला सम कळते! त्याच वर्षी अनिरुद्ध पटेल यांनी स्नोबॉल नावाच्या एका काकाकुव्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाण्याची गती कमी-जास्त केली की हा पक्षी आपलं नाचणंही त्याप्रमाणे बदलायचा. कुत्र्या-मांजरांना हे सहसा जमत नाही. माणूस तर हात-पाय न हलवता नुसतं ऐकत असला, तरी त्याच्या मेंदूतले हालचालींचे भाग जागे होतात. गाणं ऐकणारा माणूस आतल्या आत नाचत असतो.

आता चेंडू हातात घेऊ. ड्रिबल म्हणजे चेंडू आपटत पुढे नेणं, एवढंच मला पूर्वी ठाऊक होतं. भाचीनं खळ्यात चेंडू आपटून दाखवला तेव्हा मी जवळ बसून पाहिलं. ती तळवा लावत नाही. बोटांची टोकं चेंडूबरोबर थोडी वर जातात, तो त्यांच्यात क्षणभर विसावतो आणि मग खाली ढकलला जातो. कंबरेइतक्या उंचीवर सेकंदाला साधारण दोन टप्पे पडतात, म्हणजे मिनिटाला १२०. माणूस सहज चालतो तेव्हा त्याची पावलं मिनिटाला जवळपास इतकीच पडतात, आणि नाचायला लावणाऱ्या कितीतरी गाण्यांची लय याच्याच आसपास असते. हात खाली आणला की टप्पा ठेंगणा होतो आणि लय दुगुणीत जाते.

शेणानं सारवलेल्या खळ्यात मात्र चेंडू रुसतो. जमिनीवर आदळला की तो क्षणभर चपटा होतो, आतली हवा दाबली जाते, आणि तीच हवा त्याला वर फेकते. जमीन टणक असेल तर आपटण्याची बहुतेक ताकद हवेत साठते आणि परत मिळते. मातीत तिचा मोठा वाटा माती गिळून टाकते. म्हणून खळ्यात तेवढीच लय राखायला मनगट जास्त चालवावं लागतं, आणि पुढच्या गडग्यापलीकडच्या सिमेंटच्या रस्त्यावर गेलं की तोच चेंडू एकदम हुशार होतो. एनबीएची बहुतेक मैदानं मेपलच्या कठीण लाकडाची असतात. भाची डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून जमीन ओळखते.

ठेका आला की ठेका मोडण्याची कलाही आलीच. समोरचा बचाव करणारा खेळाडू चेंडूच्या लयीला नकळत बांधला जातो. पुढचा टप्पा उजवीकडे पडणार म्हणून त्याचं वजन आधीच उजव्या अंगाला झुकतं. नेमक्या त्या क्षणी चेंडू डाव्या हातात जातो. याला क्रॉसओव्हर म्हणतात. डोळ्यांना दिसतं, पण झुकलेलं अंग आवरत नाही. तबल्याच्या तिहाईत सम आली असं वाटावं आणि ती एका मात्रेनं पुढे निघावी, तेव्हा मैफिलीत दाद जाते. इथं बचाव करणारा कोलमडतो, तेव्हाही तशीच जाते.

पण मला सगळ्यात जास्त चकित केलं ते शॉट क्लॉकनं, म्हणजे टोपलीकडे चेंडू टाकायची मुदत मोजणाऱ्या घड्याळानं. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये जेम्स नाइस्मिथ या शिक्षकानं व्यायामशाळेच्या गॅलरीच्या कठड्याला पीच फळांच्या टोपल्या ठोकून हा खेळ सुरू केला. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून आजही रिंग जमिनीपासून दहा फूट, म्हणजे ३.०५ मीटर उंच. खेळ वाढला, व्यावसायिक झाला, आणि त्याला एक रोग जडला. आघाडीवर असलेला संघ चेंडू आपल्याच हातात फिरवत वेळ काढायचा. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सनी मिनिआपोलिस लेकर्सना १९-१८ असं हरवलं. ४८ मिनिटांत दोन्ही संघांचे मिळून ३७ गुण! लोक कंटाळून उठून जायला लागले.

सिरॅक्यूस संघाचे मालक डॅनी बायसोन यांनी यावर एक हिशेब मांडला. चांगल्या, रंगलेल्या सामन्यांत दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा टोपलीकडे चेंडू टाकतात, असं त्यांच्या पाहण्यात होतं. ४८ मिनिटं म्हणजे २८८० सेकंद. भागिले १२०, उत्तर २४. १९५४ पासून नियम आला: चेंडू हाती आला की २४ सेकंदांत टाकलाच पाहिजे. त्या एका हंगामात एका संघाचे सामन्यातले सरासरी गुण साधारण ८० वरून ९३ वर गेले.

मला हा हिशेब विलक्षण वाटतो. एका माणसानं भागाकार करून खेळाला आवर्तन दिलं. त्याआधी बास्केटबॉलमध्ये लय होती, पण सम नव्हती. आता दर २४ सेकंदांना एक सम येते, आणि तिच्याआधी काहीतरी घडलंच पाहिजे हे खेळाडूपासून शेवटच्या रांगेतल्या पोरापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. शेवटची पाच सेकंदं उरली की डोपामिनचं काम सुरू होतं, मॅकगिलमधल्या त्या माणसांसारखंच. मग चेंडू हातातून सुटतो. फ्री थ्रोच्या रेषेवरून टोपलीपर्यंत जायला त्याला सुमारे एक सेकंद लागतो, आणि हजारो माणसं तो सेकंद एकत्र काढतात.

या आवर्तनाशी खेळलेला एक मराठी माणूस इथं आठवतोच. विवेक रणदिवे मुंबईत जन्मले, शिकायला अमेरिकेत एमआयटीला गेले आणि सॉफ्टवेअरच्या उद्योगात मोठे झाले. बास्केटबॉल ते स्वतः कधी खेळले नव्हते. मुलीच्या शाळकरी वयातल्या संघाला शिकवायची वेळ आली तेव्हा त्यांना एक गोष्ट कळेना: गुण झाला की सगळे संघ आपल्या टोपलीकडे पळत का जातात? ९४ फूट लांब मैदान, आणि बचाव करायचा तो शेवटच्या २४ फुटांत! त्यांच्या मुलींनी पूर्ण मैदानभर अडवायला सुरुवात केली. गुण झाल्यावर समोरच्या संघाला पाच सेकंदांत चेंडू आत टाकावा लागतो. तो पहिला ठोकाच या मुली पडू देईनात. उंची कमी, कौशल्य बेताचं, तरी संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचला. लेखक माल्कम ग्लॅडवेल यांनी २००९ साली यावर लिहिलेला लेख खूप गाजला. २०१३ साली रणदिवे सॅक्रामेंटो किंग्ज या एनबीए संघाचे प्रमुख मालक झाले.

राहिला उत्सव. पालखी नाचवताना जवळून पाहा. पालखी खांद्यावर असलेले दोघे गुडघ्यात किंचित वाकतात, ढोलाच्या टिपराबरोबर वजन या पायावरून त्या पायावर जातं, आणि पालखीचा दांडा पुढे-मागे झुलायला लागतो. खांदे बदलले तरी झोका तुटत नाही. तासन् तास हे चालतं आणि कुणी दमल्याचं म्हणत नाही. यालाही कारण आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नौकानयन संघावर एक प्रयोग झाला. तेच वल्हवणं, तेवढीच मेहनत. पण एकट्यानं केल्यावर आणि सगळ्यांनी एका लयीत केल्यावर वेदना सोसायची ताकद मोजली, तर एका लयीत केल्यावर ती जास्त भरली. शरीर आपली वेदनाशामकं जास्त सोडतं, असा संशोधकांचा अर्थ.

आणि बघ्यांचं काय? स्पेनमधल्या सान पेद्रो मानरिके गावात जूनमध्ये निखाऱ्यांवरून चालण्याचा उत्सव असतो. तिथं संशोधकांनी चालणाऱ्यांच्या आणि बघणाऱ्यांच्या छातीला ठोके मोजणारे पट्टे बांधले. २०११ साली निष्कर्ष आला: निखाऱ्यांवर चालणाऱ्याच्या आणि बाजूला नुसत्या बसलेल्या त्याच्या आप्तांच्या हृदयाचे ठोके एकाच चढउतारानं चालले. अनोळखी प्रेक्षकांचे तसे चालले नाहीत. शिमग्याला मुंबईहून रजा टाकून, रेल्वेत दाटीवाटीनं बसून येणारा चाकरमानी पालखी दारात आली की का गहिवरतो, याचं थोडं उत्तर मला या प्रयोगात दिसतं. जानेवारीत रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव रंगतो. राज्य गमावलेल्या ब्रह्मी राजासाठी बांधलेल्या त्या वास्तूसमोर अनोळखी माणसं शेजारी बसून एकाच समेवर मान हलवतात, तेव्हा ती रात्रीपुरती आप्त होत असावीत.

एनबीएनं हे सगळं एका छपराखाली आणलंय. बहुतेक खेळांत संगीत खेळ थांबल्यावर वाजतं, एनबीएत ते खेळ चालू असतानाही वाजतं. यजमान संघ चढाईवर असला की एक ठेका, पाहुण्यांकडे चेंडू गेला की दुसरा, त्यावर सगळ्या सभागृहाची ‘डिफेन्स’ अशी आरोळी आणि दोन टाळ्या. सॅक्रामेंटोचं नवं स्टेडियम २०१६ साली ४ आणि ५ ऑक्टोबरला उघडलं ते सामन्यानं नव्हे, पॉल मॅकार्टनीच्या दोन मैफिलींनी. बरोबर तीन वर्षांनी त्याच तारखांना, २०१९ साली, रणदिवेंचे किंग्ज आणि इंडियाना पेसर्स वरळीच्या एनएससीआय डोममध्ये खेळले. भारतातले ते पहिले एनबीए सामने. पहिल्या दिवशी समोर बसली होती सत्तरहून जास्त शाळांतली तीन हजारांवर मुलं. ४८ मिनिटांनंतर बरोबरी, मग पाच मिनिटांचा जादा वेळ, आणि शेवटी पेसर्स १३२, किंग्ज १३१.

भाची तेव्हा सहावीत होती, आणि तिनं तो सामना नंतर रेकॉर्डिंगवर पाहिला. परवा तिनं तोच लावला, हेडफोन माझ्या कानात घातले आणि म्हणाली, “मामा, स्क्रीनकडे बघू नकोस, नुसतं ऐक.” टप्पे ऐकू येतात, बुटांचं करकरणं येतं, मुलांचा कल्लोळ चढत जातो, आणि चोवीस सेकंद कुठे संपत आलेत ते मला आता न बघता कळतं.