खपलीखाली काय चालतं?

विळीवर कांदा चिरताना बोट कापलं, की आपण ते आधी तोंडात घालतो, मग नळाखाली धरतो आणि मग हळदीचा डबा शोधतो. शरीराने तोवर काम सुरू केलेलं असतं.

रक्त थांबतं ते असं

कापलेल्या रक्तवाहिन्या आकसतात. रक्तातल्या प्लेटलेट्स त्यांच्या तोंडाशी येऊन चिकटतात, फायब्रिन या प्रथिनाचे धागे त्यांच्याभोवती जाळं विणतात. ही गुठळी वाळली की तिची खपली होते.

ठणका

काही तासांत पांढऱ्या पेशी पोचतात. पाठोपाठ मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी येतात, जंतू आणि मेलेल्या पेशी गिळतात. बोट दोन-तीन दिवस लाल, गरम राहतं ते यामुळेच. लाली पसरू लागली, पू झाला किंवा ताप आला तर मात्र डॉक्टरांकडे जावं.

नवी कातडी

आत कोलॅजन या प्रथिनाचं आणि बारीक केशवाहिन्यांचं लालसर, दाणेदार मांस भरतं. त्यावरून कडेच्या त्वचापेशी मधोमध सरकतात. त्यांना ओल लागते. कोरड्या खपलीखालून त्यांना वाट काढावी लागते. जॉर्ज विंटर यांनी १९६२मध्ये डुकरांच्या उथळ जखमांवर दाखवलं, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर कातडी जवळपास दुप्पट वेगाने धरते. ‘उघडी ठेव, वारा लागू दे’ हे आजीचं म्हणणं इथे चुकलं.

वण

पहिलं कोलॅजन हे घाईचं रफू. पुढे वर्षभरही ते उसवून पुन्हा विणणं चालू असतं. तीन आठवड्यांनी त्या जागेची ताकद मूळ कातडीच्या जेमतेम पाचवा हिस्सा असते आणि कितीही थांबलं तरी ती ८० टक्क्यांच्या पुढे सहसा जात नाही. या विणकामाला क जीवनसत्त्व लागतं. अठराव्या शतकात ब्रिटिश आरमारातल्या ॲन्सनच्या जहाजांवर त्याच्याच अभावाने होणारी स्कर्व्ही पसरली, तेव्हा एका खलाशाची आयर्लंडमधल्या बॉइनच्या लढाईतली, पन्नास वर्षांपूर्वी भरलेली जखम पुन्हा उघडली!

आणि हळद?

जखमेवरच्या हळदीचं अमेरिकेतलं १९९५चं पेटंट डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने १९९७मध्ये रद्द करायला लावलं. पण ते रद्द झालं हा वापर जुनाच होता म्हणून. हळदीने जखम भरते असा तो निवाडा नव्हता. शिवाय डब्यातली हळद निर्जंतुक नसते.

वाहतं पाणी, साबण आणि स्वच्छ पट्टी पुरे. मधुमेह असेल तर पायाची जखम लहान म्हणून सोडू नका. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं, ते आजच आठवून पाहा.