विरोधी बाकावरील आमदार

सोलापूर जिल्ह्यांतील सांगोला हा पर्जन्यछायेंतील तालुका. माण नदी त्यांतून वाहते खरी. परंतु वर्षाचे बहुतेक महिने तिचें पात्र कोरडेंच असतें. या तालुक्यानें शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख यांस अकरा वेळां महाराष्ट्र विधानसभेवर पाठविलें.

महाराष्ट्र राज्य १९६० सालीं स्थापन झालें. त्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकींत, १९६२ सालीं, देशमुख प्रथम निवडून आले. १९७२ सालीं त्यांचा पराभव झाला. परंतु १९७४ च्या पोटनिवडणुकींत ते पुन्हां सभागृहांत आले. १९९५ सालीं अवघ्या १९२ मतांनीं गेलेली जागा १९९९ सालीं त्यांस परत मिळाली. अकरावी निवडणूक त्यांनीं २०१४ सालीं जिंकली.

या दीर्घ कालांत मंत्रिपद त्यांच्या वांट्यास दोनदांच, १९७८ व १९९९ सालीं, आलें. बहुतेक काळ विरोधी बाकावरच गेला. ज्याच्या हातीं तिजोरी नाहीं, असा सभासद लोकांचें काय भलें करणार, अशी शंका येथें सहज येते. तिचें उत्तर सभागृहाच्या कामकाजांतच आहे. तारांकित प्रश्न विचारला म्हणजे मंत्र्यास सभागृहांत उत्तर द्यावें लागतें व त्यावर उपप्रश्नहि विचारतां येतात. लक्षवेधी सूचनेनें तांतडीची बाब पुढें मांडतां येते. अर्थसंकल्पावरील कपातसूचनेनें एखाद्या खात्याच्या हयगयीवर बोट ठेवतां येतें. एका प्रश्नानें कालवा होत नाहीं. परंतु तोच प्रश्न वर्षानुवर्षें विचारला गेला म्हणजे तो टाळणें सरकारास जड जातें.

सभागृहांतील शब्दास बाहेरील लोकमताचेंहि पाठबळ लागतें. नागनाथअण्णा नायकवडी यांच्या बरोबरीनें देशमुखांनीं दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदांतून कृष्णेच्या पाण्याची मागणी लावून धरली. कऱ्हाडजवळील टेंभू येथें उपसलेलें पाणी टप्प्याटप्प्यानें वर चढवून दुष्काळी पट्ट्यांत नेणारी योजना पुढें उभी राहिली. सांगोल्याचाहि तींत समावेश आहे.

आमदार असूनहि देशमुख एस्. टी. च्या गाडीनें प्रवास करीत. २०१९ सालीं त्यांनीं निवडणूक लढविली नाहीं. ३० जुलै २०२१ रोजीं ते निवर्तले. सांगोल्याच्या मतदारांनीं त्यांस दोनदां घरीं बसविलें व दोन्ही वेळां परत बोलाविलें. प्रतिनिधीची जागा ही वतन नव्हे, लोकांनीं सोंपविलेली ठेव आहे, हेंच त्या मतदारांनीं दाखवून दिलें.