तोंड वाकडं होतं तेव्हा...

‘डॉक्टरसाहेब, रातले चांगला व्हतू, सकायले तोंड वाकडं व्हई गयं.’ खानदेशात ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. चूळ भरताना पाणी ओठांतून गळतं, एक डोळा मिटत नाही. घरच्यांनी निदान आधीच केलेलं असतं. कुणी म्हणतं, ‘वारं लागलं’. कुणी म्हणतं, ‘लकवा मारला’. मग कानात गरम तेल, शेक, पारव्याचं रक्त चोळणं... आणि यात मोलाचा वेळ निघून जातो.

मित्रहो, हे समजून घ्यायचं तर थोडं डोक्यात डोकवावं लागेल. मेंदूशी थेट जोडलेल्या आणि कवटीच्या छिद्रांतून वाट काढणाऱ्या नसांच्या बारा जोड्या असतात. वास, दृष्टी, ऐकणं, गिळणं ही कामं त्यांच्याकडे. सातवी जोडी चेहऱ्याची. हसणं, शीळ घालणं, डोळा मिटणं तिच्यामुळे.

ही सातवी नस ऐकण्याच्या आठव्या नसेसोबत कानाच्या हाडात शिरते आणि पुढे एका वळणदार बोगद्यातून जाते. बोगद्याचा सर्वांत चिंचोळा भाग एक मिलिमीटरपेक्षाही अरुंद. नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही तिथेच. चाळीसगावजवळच्या कन्नड घाटात एक ट्रक आडवा झाला, की सगळी वाहतूक खोळंबते ना, तसंच इथे होतं. नस सुजते, हाड जागा देत नाही, रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि मेंदूचे निरोप थांबतात. जिभेच्या पुढच्या भागाची चव आणि कानातला एक चिमुकला स्नायू याच नसेवर अवलंबून असल्याने काहींना चव लागत नाही, साधा आवाजही कर्कश वाटतो.

या आजाराला ‘बेल्स पाल्सी’ म्हणतात. चेहऱ्याच्या नसांवरचं आपलं संशोधन 1821 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडणाऱ्या चार्ल्स बेल यांचं हे नाव. सूज नेमकी कशाने येते हे पूर्ण उलगडलेलं नाही. ओठांवर जर उठवणाऱ्या विषाणूवर संशय आहे.

मग लकवा वेगळा कसा? कपाळ पाहा. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा येतात. चेहऱ्याच्या खालच्या भागाला मुख्यतः विरुद्ध बाजूकडूनच. त्यामुळे मेंदूची रक्तवाहिनी बंद पडली, तर बहुधा तोंड वाकडं होतं, पण कपाळाला आठ्या घालता येतात. सातवी नसच दुखावली, तर त्या बाजूच्या आठ्याही जातात.

पण ही परीक्षा घेऊन घरी थांबू नका. मेंदूच्या देठातल्या झटक्यातही कधी कधी आठ्या जातात. हात-पाय लुळा पडणं, जीभ जड होणं, तोल जाणं यांपैकी काही असेल, तर एक मिनिटही दवडू नका. लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं औषध देता येतं. शिरपूर, चोपड्याच्या सातपुड्याकडच्या पाड्यांतून निघायचं तर यातला बराच वेळ रस्त्यातच जातो. म्हणून सीटी स्कॅन आहे त्याच रुग्णालयात थेट जावं.

बेल्स पाल्सीत स्टिरॉइडच्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू झाल्या, तर अधिक गुण येतो. मधुमेह असल्यास डॉक्टरांना आधी सांगा, कारण या गोळ्यांनी साखर वाढते. उपचारांविनाही दहापैकी साधारण सात जण पूर्ण बरे होतात. मंत्र-पारव्याला मिळणारं श्रेय खरं तर याचं! पण उरलेल्या तिघांत आपण असू का, हे पहिल्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नका : डोळा. पापणी मिटली नाही, तर बुबुळ कोरडं पडतं, जखम होते, दृष्टीही जाऊ शकते. दिवसा डॉक्टरांनी दिलेले थेंब, रात्री मलम लावून पापणी चिकटपट्टीने बंद आणि धुळीत चष्मा. तीन महिन्यांत सुधारणा दिसली नाही, तर पुन्हा तपासणी हवीच. कानाचा जुना आजार, कुष्ठरोग किंवा गाठ यांनीही ही नस दुखावते.

वाऱ्याला दोष देत बसण्यापेक्षा घड्याळाकडे पाहावं, हे बरं.