गिधाडांचे पुनरागमन

पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतात शेकडा ९९ हून अधिक घटली. आजारी गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मृत जनावराच्या मांसात उरते. ते मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ साली उघडकीस आले. २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली. हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांचे संवर्धन सुरू झाले. परंतु मादी वर्षाला एकच अंडे घालते, त्यामुळे संख्या मंदगतीने वाढते. २०२० मध्ये तेथील आठ गिधाडे मुक्त करण्यात आली. तथापि केटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक या तशाच घातक औषधांवर गुरांसाठी बंदी आली ती २०२३ मध्ये. पिंजऱ्याचे दार उघडणे सोपे. बाहेरचे अन्न निर्विष राखणे हेच खरे कार्य होय.