वाट बंद पडली तर

२०२१ च्या जुलैत उल्हास नदीला पूर आला, रायत्याचा पूल पाण्याखाली गेला आणि कल्याण-मुरबाड रस्ता बंद पडला. अशा वेळी मुरबाडला निघालेला मनुष्य काय करतो? समोरून येणाऱ्या गाडीवानाला विचारतो आणि दुसरी वाट धरतो. तारेवरून जाणाऱ्या संदेशाला मात्र असे विचारता येत नाही. त्याच्यासाठी वाट ठरवतो तो राउटर. हा राउटर वाट कशी ठरवतो, हे घरबसल्या शिकण्याची एक सोय आहे. तीच आज पाहू.

सिस्को कंपनीचे ‘पॅकेट ट्रेसर’ नावाचे सॉफ्टवेअर आहे. त्यांच्या नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवले की ते फुकट मिळते. त्यात राउटर, तारा, संगणक सगळे पडद्यावर मांडायचे. खरा राउटर विकत घेणे आपल्या खिशाला जड. आणि चालू लाईन मुद्दाम तोडून पाहू, असे तर कुणीच म्हणू देणार नाही. पडद्यावर मात्र खुशाल तोडा!

आपल्या ओळखीचाच नकाशा घ्या. शहापूर, किन्हवली, मुरबाड, कल्याण आणि पडघा अशा पाच नावांचे पाच राउटर मांडा आणि याच क्रमाने एकमेकांना जोडून, शेवटी पडघा पुन्हा शहापूरला जोडून रिंगण पुरे करा. हे जाळे अर्थात कल्पनेतले. शहापूर आणि मुरबाड यांच्या मागे एकेक संगणक लावा. आता शहापूरहून मुरबाडला दोन वाटा झाल्या: किन्हवलीवरून जवळची, पडघा-कल्याणवरून लांबची.

आधी स्थिर मार्ग, म्हणजे आपण हाताने लिहून दिलेला. शहापूरला सांगायचे, ‘मुरबाडचे पाकीट किन्हवलीकडे दे.’ किन्हवलीला सांगायचे, ‘ते मुरबाडकडे दे.’ एवढ्यावर नवशिका पिंग करतो, आणि उत्तर येत नाही! का? पाकीट पोहोचले, पण जबाबाला परतीची वाट कुणी सांगितलीच नाही. मुरबाड आणि किन्हवली यांनाही शहापूरची दिशा लिहून द्यावी लागते. दोन ओळी जाण्याच्या, दोन येण्याच्या. ही चूक एकदा स्वतः केली की जन्मात विसरत नाही.

आता किन्हवली-मुरबाड तार काढून टाका. शहापूरच्या राउटरवर ‘शो आयपी रूट’ लिहून मार्गांची यादी पाहा. मुरबाडची ओळ तशीच उभी! शहापूरला पलीकडच्या मोडतोडीची वार्ताच नाही. पडघ्याची वाट धडधाकट असूनही तो बापडा प्रत्येक पाकीट किन्हवलीकडेच ढकलत राहतो.

यावर उपाय गतिमान मार्गाचा. तार पुन्हा जोडा आणि पाचही राउटरांवर ‘रिप’ सुरू करा. १९८८ मध्ये लेखी नियमांत बांधलेली ही जुनी पद्धत. शेजारी राउटर दर ३० सेकंदांनी एकमेकांना सांगतात, ‘माझ्याकडून मुरबाड इतक्या टप्प्यांवर.’ किन्हवलीवरून २ टप्पे, पडघ्यावरून ३. म्हणून किन्हवली पसंत. १५ टप्प्यांपलीकडचे गाव मात्र रिपच्या लेखी पोहोचण्याजोगेच नाही.

पण एक सावधगिरी बाळगा. हाताने लिहिलेल्या त्या चार ओळी आधी खोडा. राउटर स्थिर मार्गाला विश्वासाचा आकडा १ देतो, रिपला १२०. आणि ज्याचा आकडा लहान त्याचे तो ऐकतो. जुनी ओळ राहिली तर नवी वार्ता ऐकूनही न ऐकल्यासारखीच.

आता तीच तार पुन्हा तोडा आणि थोडा धीर धरा. रिप सावकाश शहाणे होते, कधी काही मिनिटेही घेते. मग संगणकावर ‘ट्रेसर्ट’ चालवा. पाकीट पडघा, कल्याण करीत मुरबाडला पोहोचलेले दिसेल. हाच प्रयोग पुढे ‘ओएसपीएफ’ लावून करा. त्यात प्रत्येक राउटर साऱ्या जाळ्याचा नकाशा जवळ ठेवतो आणि डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाने १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीने जवळची वाट काढतो. तो बहुधा लवकर सावरतो.

मग स्थिर मार्ग टाकाऊ का? मुळीच नाही. ज्या गावाला एकच तार आहे, तिथे एक ओळ लिहिली की काम भागते. गप्पा मारायला दुसरा शेजारीच नाही.

शेवटी एक प्रयोग अवश्य करा. पडघ्याचीही तार काढा. आता रिप लावा की ओएसपीएफ लावा, पाकीट जाणार नाही. हुशार राउटर असलेली वाट शोधतो, नसलेली वाट निर्माण करीत नाही. म्हणून उद्या तुमच्या गावात, शाळेत किंवा दवाखान्यात इंटरनेटची तार आली, तर वेग किती हे जरूर विचारा; पण त्याआधी विचारा, ‘ही तुटली तर दुसरी कोणत्या बाजूने येते?’