चरबीचा भार श्वासावर

पोकरचा डाव रंगात आला होता. हातात तीन एक्के आणि दोन राजे, म्हणजे जिंकायचेच पान. पण तो गृहस्थ पत्ते हातात धरूनच झोपी गेला.

वय ५१, वजन जवळपास १२० किलो. अमेरिकेतल्या डॉ. बर्वेल आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये या रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. त्याची झोप आळसाची नव्हती. श्वास अपुरा पडल्याने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत होता. खाणे आटोक्यात आणून वजन उतरवल्यावर तो सुधारला. डॉक्टरांनी या आजाराला डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधल्या झोपाळू, लठ्ठ जोवरून नाव दिले.

असे का होते? पोटातली चरबी श्वासपटल वर ढकलते आणि छातीवरची चरबी बरगड्यांना नीट फुलू देत नाही. नेहमीसारखा श्वास सोडल्यावरही जोर लावून आणखी थोडी हवा बाहेर टाकता येते. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) २० असलेल्या व्यक्तीच्या तुलनेत बीएमआय ३० असलेल्याकडे ही हवा जेमतेम ४७ टक्के उरते, असे २००६ च्या एका अभ्यासात दिसले. फुप्फुसांची एकूण क्षमता मात्र फारशी घटत नाही. त्यामुळे जिना चढताना धाप लागते, पण तपासणीचा अहवाल बऱ्याचदा ठीकठाक येतो. आडवे झाले की पोटाचा दाब आणखी वाढतो.

चरबी बाहेरूनच त्रास देते असे नाही. ऑस्ट्रेलियात पर्थच्या संशोधकांनी ५२ मृत व्यक्तींची फुप्फुसे तपासली. श्वासनलिकांच्या भिंतींतच त्यांना चरबी सापडली, आणि बीएमआय जितका जास्त तितकी ती अधिक होती. २०१९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चरबीच्या पेशींतून दाह वाढवणारी रसायनेही रक्तात मिसळतात. लठ्ठ व्यक्तींना दम्याचा धोका अधिक असतो आणि वजन घटल्यावर अनेकांचा दमा आटोक्यात येतो.

सीओपीडीत, म्हणजे श्वासमार्ग कायमचा अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या दीर्घ आजारात, मात्र गणित उलटते.

या आजाराची तीव्रता मोजणाऱ्या ‘बोड’ निर्देशांकात बीएमआय २१ किंवा त्याहून कमी असेल, तर धोक्याचा एक गुण वाढतो. आजार बळावला की श्वास घेण्यातच बरीच शक्ती खर्च होते, स्नायू झिजतात आणि हडकुळ्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण वाढते. म्हणून अशा रुग्णाला सरसकट ‘वजन कमी करा’ असे सांगून चालत नाही. चरबी किती आणि स्नायू किती, हे पाहूनच आहार आणि व्यायाम ठरवावा लागतो.